पर्थहून सिडनी : पाच मुक्काम की सव्वाआठ तास

"एकेचाळीस भागिले तीन, म्हणजे दिवसाला पावणेचौदा तास," दाजी फोनवर म्हणाले. "दोघं आलटून पालटून चालवू. होऊन जाईल."

ताईचं कुटुंब सहा वर्षं ऑस्ट्रेलियात, पश्चिम टोकाच्या पर्थमध्ये राहत होतं. दाजींना पूर्व टोकाच्या सिडनीत नवी नोकरी लागली. जुलैच्या दुसऱ्या सोमवारी रुजू व्हायचं होतं. सामान ट्रकने जाणार होतं, ताई आणि नऊ वर्षांचा भाचा विमानाने. गाडी दाजी स्वतः चालवत नेणार होते. सोबतीला त्यांचा एक सहकारी तयार झाला होता, कारण त्याला हा रस्ता एकदा बघायचाच होता. बेत असा ठरला : गुरुवारी पहाटे पाचला निघायचं, शनिवारी रात्री पोचायचं, रविवारी झोप काढायची आणि सोमवारी ऑफिस.

हा बेत एका वेबपानावरच्या चार आकड्यांवर उभा होता. हवाई अंतर ३,२८४ किलोमीटर. विमानाचा वेळ ४ तास ३६ मिनिटं. रस्त्याचं अंतर ३,९३० किलोमीटर. गाडीचा वेळ ४१ तास.

मी रस्त्यांच्या आखणीचं काम करतो, म्हणून ताईने ते चारही आकडे मला पाठवले. "बरोबर आहेत ना रे?" मी तपासले. हिशोब म्हणून चारही बरोबर होते. पण त्यातले दोन आकडे वेळेचे होते, आणि तो वेळ त्या घरातल्या कुणाचाच नव्हता. ४१ तास हा इंजिनाचा वेळ होता. ४ तास ३६ मिनिटं हा एका सूत्राचा वेळ होता. पुढचे दोन आठवडे आम्ही तिघांनी मिळून तो बेत मोडला आणि पुन्हा मांडला. त्याची ही हकीकत. दोन शहरांमधलं अंतर बघून तारखा ठरवणाऱ्या कुणालाही ती उपयोगी पडावी म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आधी अंतर

हवाई अंतर म्हणजे नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलं अंतर नव्हे. पृथ्वी गोल आहे. गोलावरच्या दोन बिंदूंमधली सर्वांत जवळची वाट सपाट नकाशावर वाकडी दिसते. पर्थ आणि सिडनी दोन्ही शहरं साधारण ३२ ते ३४ अंश दक्षिण अक्षांशावर आहेत, म्हणजे जवळपास एकाच आडव्या ओळीत. भिंतीवरच्या नकाशात दोघांना जोडणारी सरळ रेघ मारली आणि तिची तुलना गोलावरच्या खऱ्या जवळच्या वाटेशी केली, तर मध्यावर ती वाट रेघेपासून सुमारे १४० किलोमीटर दक्षिणेला, म्हणजे ध्रुवाच्या बाजूला झुकलेली निघते. इतकं झुकून वाचतात मात्र फक्त १५-१६ किलोमीटर. मी हा हिशोब करून दाखवला तेव्हा भाच्याला खोटं वाटलं. त्याने संत्र्यावर दोरा ताणून बघितला आणि मग मान्य केलं.

एकाच जोडीसाठी वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळे आकडे दिसतात, त्याचंही कारण साधं आहे. पृथ्वी पूर्ण गोल धरून, ६,३७१ किलोमीटर त्रिज्या घेऊन मोजलं तर दोन विमानतळांमधलं अंतर ३,२७७ येतं. विषुववृत्तापाशी पृथ्वी थोडी फुगलेली आहे, हे धरून मोजलं तर ३,२८४. विमानतळाऐवजी शहराच्या मध्यापासून मोजलं तर ३,२९० च्या आसपास. यातला एकही आकडा चुकीचा नाही, आणि प्रवास ठरवताना या फरकाला काडीचंही महत्त्व नाही. लोक तिथेच अडकतात म्हणून सांगितलं.

महत्त्वाचं आहे ते रस्त्याचं आणि हवाई अंतराचं गुणोत्तर. ३,९३० भागिले ३,२८४ म्हणजे जवळपास १.२. रस्ता हवाई वाटेपेक्षा जेमतेम वीस टक्के लांब. इतक्या मोठ्या पल्ल्यासाठी हे फारच सरळ आहे. ब्यूनोस आयर्स आणि माँटेव्हिडिओ ही दोन शहरं बघा. मध्ये ला प्लाता नदीचं अफाट मुख आहे. हवाई अंतर दोनशे किलोमीटरच्या घरात, पण पूल गाठण्यासाठी नदीच्या काठाने वरपर्यंत जावं लागतं, म्हणून रस्ता जवळपास तिप्पट होतो. तिथे आकडा पाहताच माणूस सावध होतो. पर्थ-सिडनीत उलटं घडतं. दोन्ही अंतरं जवळजवळ सारखी दिसतात, म्हणून रस्ता आवाक्यातला वाटतो. दाजींचं तेच झालं.

रस्ता इतका सरळ का, तर वाटेत अडवायला काही नाही. नलारबोर हा सुमारे दोन लाख चौरस किलोमीटरचा चुनखडीचा सपाट प्रदेश. नावाचा लॅटिन अर्थच 'झाड नाही' असा. एडवर्ड जॉन एअर या शोधप्रवाशाने १८४१ साली वायली या आदिवासी साथीदाराबरोबर हा किनारा पायी तुडवून पार केला. पाण्यावाचून मरणाच्या दारात पोचून काही महिन्यांनी ते पश्चिमेकडच्या ऑल्बनी गावाला पोचले. त्याच्याच नावाचा एअर हायवे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधला गेला आणि १९७६ मध्ये पूर्ण डांबरी झाला. बॅलडोनिया आणि कायगुना या दोन ठाण्यांमध्ये तो १४६.६ किलोमीटर अजिबात वळत नाही. आखणी करणाऱ्याच्या नजरेतून सांगतो : असा सरळ पट्टा कागदावर सुंदर दिसतो आणि चालवणाऱ्यासाठी कठीण असतो. वळण आलं की हात हलतात, डोळे हलतात, मेंदू जागा राहतो. तिथे तसं काहीच घडत नाही.

एकेचाळीस तासांचं काय झालं

३,९३० किलोमीटर भागिले ४१ तास म्हणजे ताशी सरासरी ९६. मोकळ्या हायवेवर मर्यादा ११० ची. त्यामुळे ९६ ची सरासरी अशक्य नाही. पण या हिशोबात गाडी एकदाही थांबत नाही. पेट्रोल भरायला नाही, जेवायला नाही, झोपायला नाही, आणि रात्र होते तेव्हाही नाही.

रात्रीचा मुद्दा मी दाजींपुढे सर्वांत आधी ठेवला. कांगारू, वॉम्बॅट, एमू, उंट हे सगळे या रस्त्यावर येतात, आणि कांगारू मुख्यतः संध्याकाळी, रात्री आणि पहाटे. ताशी ११० च्या वेगात एखादा मोठा कांगारू समोर आला तर गाडी आणि माणसं दोन्ही जायबंदी होऊ शकतात. मदत शंभर किलोमीटरवर असते आणि मोबाईलला बऱ्याच पट्ट्यात रेंज नसते. एअर हायवेवर काही ठिकाणी रस्त्याच्याच पट्ट्यावर खुणा रंगवून फ्लाइंग डॉक्टरांच्या विमानासाठी धावपट्टी केलेली आहे. दवाखाना इतका लांब आहे की विमानाने रस्त्यावर उतरून रुग्णाला उचलायचं. हे एक चित्र पाठवल्यावर ताईने दाजींना रात्री गाडी चालवायला सपशेल मनाई केली. मला पुढे काही बोलावं लागलं नाही.

मग दिवसाचा उजेड मोजला. जुलै म्हणजे तिथला ऐन हिवाळा. त्या अक्षांशावर सूर्योदय ते सूर्यास्त साधारण दहा तास पाच मिनिटं. मूळ बेतात रोज पावणेचौदा तास चालवणं आणि वर थांबे, म्हणजे सोळा तास रस्त्यावर. त्यातले सहा तास अंधारात. तीन दिवस सलग.

उजेडातही पूर्ण दहा तास मिळत नाहीत, आणि हा भाग मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत रंजक वाटला. पूर्वेकडे जाणारा माणूस सूर्याच्या विरुद्ध दिशेने चाललेला असतो. दर एका रेखांशाला सूर्य चार मिनिटं आधी मावळतो. वाटेवरच्या नॉर्समन आणि युक्ला या दोन गावांमधला पल्ला सातेक अंशांचा. सकाळी नॉर्समनला उगवलेला सूर्य युक्लाला नॉर्समनपेक्षा २८ मिनिटं आधी मावळतो. त्यामुळे हातात उरतो साडेनऊ तासांहून किंचित जास्त उजेड. हे अंतर ७११ किलोमीटर. ९६ च्या सरासरीने सात तास पंचवीस मिनिटं. दर दोन तासांनी पंधरा मिनिटं थांबा, असं तिथली वाहतूक खाती सतत सांगतात. त्याचा एक तास. इंधन आणि जेवण पाऊण तास. झाले सव्वानऊ. शिल्लक वीस-पंचवीस मिनिटं.

परत जाताना, म्हणजे पश्चिमेकडे गाडी चालवताना, हाच हिशोब उलटा होतो. रोज अर्धा तास उजेड जास्त मिळतो. एकच रस्ता, एकच अंतर, पण पूर्वेकडचा दिवस पश्चिमेकडच्या दिवसापेक्षा तासाभराने लहान.

वर घड्याळांचा गोंधळ. हिवाळ्यात पर्थ आणि सिडनी यांच्यात दोन तासांचा फरक असतो, पण रस्त्याने जाताना तो एकदम येत नाही. कायगुनाच्या पूर्वेला घड्याळ ४५ मिनिटं पुढे करायचं. युक्लाच्या आसपासच्या मूठभर वस्त्या ही स्वतःची वेळ पाळतात. राज्याची सीमा ओलांडून साउथ ऑस्ट्रेलियात शिरलं की आणखी ४५ मिनिटं. पुढे न्यू साउथ वेल्समध्ये, म्हणजे सिडनीच्या राज्यात, अर्धा तास. त्यातही ब्रोकन हिल हे गाव न्यू साउथ वेल्सचं असून घड्याळ साउथ ऑस्ट्रेलियाचं लावतं. मुक्कामाच्या जागा संध्याकाळी लवकर बंद होतात, इंधनाचे पंपही काही ठिकाणी रात्री मिटतात. त्यामुळे 'सहाला पोचतो' म्हणताना कुणाचे सहा, हे आधी ठरवावं लागतं.

हे सगळं मांडल्यावर मी दाजींना एकच विनंती केली. तासांत मोजू नका, मुक्कामांत मोजा. आपल्याकडे 'मजल दरमजल' म्हणत, तेव्हा मजल म्हणजे एका दिवसाची चाल होती. माणूस, जनावर, पाणी, उजेड हे सगळं त्या एका शब्दात धरलेलं होतं. किलोमीटर रस्त्याचे असतात, मजल माणसाची.

दाजी थोडे नाराज झाले. "पाच रात्री? म्हणजे सोमवारीच निघावं लागेल." मी म्हटलं, "दाजी, तुम्ही गुरुवारी निघालात तरी पोचाल कदाचित. पण त्या कदाचितवर ताईला झोप लागणार नाही." पहिला बेत लगेच सुटला नाही. दोन दिवसांनी त्यांचा स्वतःहून फोन आला. जुन्या ऑफिसातले शेवटचे तीन दिवस सोडून घेतले होते.

नवा बेत : सोमवारी नॉर्समन (सुमारे ७२५ किमी), मंगळवारी युक्ला (७११), बुधवारी सेडुना (४९५), गुरुवारी पीटरबरो (६००), शुक्रवारी कोबार (७३५), शनिवारी सिडनी. बुधवारचा दिवस मी मुद्दाम आखूड ठेवायला लावला. दाजी म्हणत होते, त्या दिवशी आणखी शंभर-दीडशे मारू. मी अडून राहिलो. रस्त्याच्या आखणीत आम्ही कडेला मोकळी पट्टी सोडतो ती कुणी चालावं म्हणून नाही, बिघडलेली गाडी तिथे घेता यावी म्हणून. बुधवार तसाच मोकळा हवा होता.

विमानाची बाजू

४ तास ३६ मिनिटं हा आकडा कुठून येतो ते ओळखणं सोपं आहे. अंतराला ताशी ८०० ने भागा आणि चढ-उतारासाठी अर्धा तास मिळवा. ३,२८४ भागिले ८०० म्हणजे ४.१ तास, अधिक अर्धा, ४.६. बहुतेक ठिकाणी असंच काहीसं सूत्र असतं. पण या मार्गावर ४ तास ३६ मिनिटांचं उड्डाण जवळपास कधीच नसतं. पूर्वेकडे सुमारे चार तास लागतात, पश्चिमेकडे सुमारे पाच.

कारण वारा. त्या अक्षांशांवर उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात आणि हिवाळ्यात त्यांचा जोर जास्त असतो. विमानाचा हवेतला वेग ताशी ८५० धरा आणि वारा सरासरी १००. पूर्वेकडे जाताना जमिनीवरचा वेग ९५०, येताना ७५०. उड्डाणाचा मुख्य भाग एकीकडे ३ तास २७ मिनिटं, दुसरीकडे ४ तास २३. दोन्हीकडे धावपट्टी, चढ, उतार यांची पस्तीसेक मिनिटं मिळवा. चार आणि पाच तयार.

इथे एक बारीक गोष्ट आहे. जाताना वारा जितकं देतो तितकंच येताना घेतो, म्हणून दोन्ही मिळून फिटंफाट होते, असं वाटतं. होत नाही. वरच्याच आकड्यांनी वारा नसताना जाऊन-येऊन ७ तास ४४ मिनिटं लागली असती, वाऱ्यासकट ७ तास ५० लागतात. विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ असतं, म्हणून त्याचं नुकसान जास्त वेळ चालू राहतं. सहा-सात मिनिटांचाच फरक, पण तो नेहमी तोट्याचाच.

ताईला शुक्रवारी भाच्याची शाळा सुटल्यावर संध्याकाळी साडेपाचच्या सुमाराचं विमान हवं होतं. तिने तासभर शोधलं, मिळेना. तिला वाटलं आपलंच काही चुकतंय. चूक नव्हती. पर्थहून साडेपाचला निघालेलं विमान चार तास उडतं, दोन तास घड्याळ पुढे जातं, म्हणजे सिडनीत रात्रीचे साडेअकरा. सिडनीच्या विमानतळावर रात्री अकरा ते पहाटे सहा उड्डाणबंदी असते, शेजारच्या वस्त्यांच्या झोपेसाठी. १९९५ पासून त्याचा स्वतंत्र कायदा आहे. त्यामुळे पर्थहून दुपार कलल्यावर सिडनीची विमानं थांबतात आणि पुन्हा सुटतात ती मध्यरात्रीच्या आसपास, पहाटे सहानंतर उतरण्याच्या हिशोबाने. दोन हजार मैल लांबच्या एका नियमामुळे पर्थची संध्याकाळ रिकामी होते. रात्रीच्या त्या विमानात प्रवाशाच्या शरीराचे पहाटेचे चार वाजलेले असतात आणि बाहेर सिडनीची सकाळ. मुलाला घेऊन ताईला ते नको होतं. तिने शनिवारी सकाळी अकराचं तिकीट काढलं.

आगगाडीचाही विचार झाला, भाच्याच्या हट्टामुळे. इंडियन पॅसिफिक ही गाडी सिडनी-पर्थ असं ४,३५२ किलोमीटर जाते, तीन रात्री घेते आणि नलारबोरवर ४७८ किलोमीटर सरळ रुळावरून धावते. आता ती आठवड्यातून एकदाच असते आणि तारखा जुळल्या नाहीत.

प्रत्यक्षात

दाजी आणि त्यांचा सहकारी सोमवारी सकाळी साडेसातला निघाले. पहिला दिवस गव्हाच्या शेतांमधून कूलगार्डीपर्यंत आणि तिथून खाली नॉर्समनला. काही घडलं नाही.

मंगळवारी कायगुनाच्या थोडं पुढे मागचं टायर बसलं. स्टेपनी होती, पण नट इतके घट्ट होते की एका ट्रकवाल्याने थांबून मोठा पाना दिला तेव्हा सुटले. तास गेला. मघाशी मांडलेल्या हिशोबात शिल्लक होती वीस-पंचवीस मिनिटं. दाजींनी गाडीतलं घड्याळ पर्थच्याच वेळेवर ठेवलं होतं. युक्लाच्या अलीकडच्या मदुरा ठाण्याजवळ आले तेव्हा त्यात पाच वाजायला वीस मिनिटं होती आणि समोरची जमीन काळवंडायला लागली होती. पर्थमध्ये त्या वेळी अजून पाऊण तास ऊन असतं. "घड्याळ सांगतंय दुपार आहे आणि डोळे सांगतायत संध्याकाळ," असं त्यांनी रात्री फोनवर सांगितलं. युक्ला अजून १८० किलोमीटर होतं, दोन तास अंधारातले. सहकाऱ्याचं म्हणणं पडलं की हळू जाऊ. दाजींनी मदुराच्या रोडहाऊसमध्ये खोली विचारली, मिळाली, आणि युक्लाची खोली फोन करून सोडून दिली.

त्या एका निर्णयाबद्दल मला दाजींचा फार अभिमान वाटतो. दोन महिन्यांपूर्वी हाच माणूस रोज सहा तास अंधारात चालवायला निघाला होता.

बुधवारी मदुरा ते सेडुना ६७५ किलोमीटर झाले. ठरलेल्या ४९५ पेक्षा १८० जास्त, पण एका दिवसाच्या चालीत बसणारे. बुधवार लांब आखला असता तर हे पुढच्या दिवसावर गेलं असतं आणि मग शनिवारही हुकला असता. सेडुनाला पूर्वेकडे जाणाऱ्या गाड्यांची तपासणी होते. फळं आणि भाज्या पुढे नेता येत नाहीत, फळमाशी पसरू नये म्हणून. यांनी सगळी फळं आधीच खाऊन संपवली होती, तरी तपासणीला मागची पूर्ण डिकी उघडावी लागली. हा वेळही कुठल्याच ४१ तासांत नसतो.

गुरुवारी पोर्ट ऑगस्टा ओलांडून पीटरबरो. शुक्रवारी ब्रोकन हिलनंतर रस्त्याकडेला रानशेळ्यांचे आणि एमूंचे कळप, म्हणून वेग कमी ठेवावा लागला. कोबारला दिवेलागणीला पोचले. शनिवारी शेवटचा पल्ला किलोमीटरने मोठा नव्हता, पण लिथगोपासून ब्लू माउंटन्सचा घाट उतरताना आणि पुढे पेनरिथपासून शहरी वाहतुकीत ९६ ची सरासरी विसरावी लागली. संध्याकाळी साडेपाचला सिडनीतल्या पॅरामाटाच्या नव्या घराचं कुलूप उघडलं.

गाडीवरचा आकडा ३,९६८ किलोमीटर. गाडी प्रत्यक्ष चालू होती ४४ तास. हे बघून मला बरं वाटलं, कारण वेबपानावरचा ४१ हा आकडा इंजिनाच्या बाबतीत अगदी जवळचा ठरला होता. पण घरातून निघाल्यापासून घरी पोचेपर्यंत गेले पाच दिवस आठ तास, म्हणजे १२८ तास. इंजिनाच्या तिप्पट.

ताई शनिवारी सकाळी सव्वाआठला पर्थच्या घरातून बाहेर पडली. त्या घरात शेवटचे पाच दिवस दोन गाद्या, एक किटली आणि भाच्याचं दप्तर एवढंच उरलं होतं. विमानतळ, सामान देणं, सुरक्षा, वाट बघणं. अकराला विमान सुटलं, सिडनीच्या घड्याळाने पाचला उतरलं. सामानाच्या पट्ट्यावर अर्धा तास, मग पॅरामाटापर्यंत टॅक्सीत तासभर. साडेसहाला ती दारात होती. पर्थच्या घड्याळाने साडेचार. सव्वाआठ तास. विमानाच्या चार तासांच्या दुपटीपेक्षा जास्त.

सोमवारी निघालेले दाजी आणि शनिवारी निघालेली ताई यांच्यात एका तासाचं अंतर पडलं. दाजींनी चहाचं पाणी चढवून ठेवलं होतं.

मी नंतर माझ्या वहीत तीन ओळी लिहिल्या. अंतरांचं गुणोत्तर १.२. वेबपानावरच्या वेळांचं गुणोत्तर ९. दारापासून दारापर्यंतच्या वेळांचं गुणोत्तर साडेपंधरा. विमानाचा वेळ दुपटीने वाढला, गाडीचा तिपटीने, म्हणून दरी आणखी रुंद झाली. हे नेहमीच असं होत नाही. पल्ला तीन-चारशे किलोमीटरचा असेल तर विमानाच्या पाऊण तासाला विमानतळाचे चार तास चिकटतात आणि गाडीच्या चार तासांना फार तर अर्धा तास. तिथे गाडी जिंकते. जिथे गाडीला पहिला मुक्काम करावा लागतो, तिथे पारडं फिरतं. दोन शहरांची तुलना करताना मी आता तो बिंदू आधी शोधतो : एका उजेडात पोचता येतं की नाही.

ऑगस्टमध्ये दाजींना जुन्या कामासाठी दोन दिवस पर्थला जावं लागलं. सिडनीहून सकाळी नऊला निघाले, पर्थला दुपारी बाराला उतरले. भाच्याने तिकीट बघून विचारलं, "बाबा, जाताना तीन तास आणि येताना सहा?" मी त्याला फोनवर सांगितलं की पाचातून दोन वजा आणि चारात दोन मिळव. त्याने वहीत मांडलं आणि मग स्वतःच शोधून काढलं की दोन्हींची बेरीज नऊ, आणि खऱ्या तासांची बेरीजही नऊ. घड्याळाने घेतलेलं घड्याळ परत देतं. वाऱ्याचं तसं नाही, हे त्याला मी अजून सांगायचं आहे.

त्या उड्डाणात दाजींनी मुद्दाम उजवीकडची, उत्तरेची खिडकी घेतली होती. आपण चालवलेला रस्ता वरून बघायचा होता, जमलं तर मदुराचं ते रोडहाऊस. अर्धं अंतर झाल्यावर त्यांनी खाली पाहिलं तर समुद्र. रस्ता किनाऱ्याने जातो, जवळची वाट ग्रेट ऑस्ट्रेलियन बाइटच्या पाण्यावरून. शेजारच्याला त्यांनी विचारलं, रस्ता कुठे असेल? तो म्हणाला, कुठेतरी तिकडे, आणि क्षितिजाकडे बोट दाखवलं.